‘पान सापडले नाही’ : नष्ट केलेल्या अभिलेखाच्या जागी काय ठेवायचे?

सरकारी संकेतस्थळावर एखादे जुने परिपत्रक शोधायला जावे आणि पडद्यावर ‘४०४ - पान सापडले नाही’ एवढीच ओळ उमटावी, हा अनुभव आता कोणालाच नवा राहिलेला नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला तर तो अधिक जाचतो. गावी असलेला माणूस तहसील कचेरीत जाऊन ओळखीच्या कारकुनाला विचारू शकतो. दिल्ली, बंगळूर किंवा बोस्टनला राहणाऱ्यासाठी मात्र संकेतस्थळ हीच कचेरी असते. ते पान नाही, म्हणजे कचेरीला कुलूप.

हा प्रश्न संगणक विभागाचा आहे असे समजून प्रशासन तो सोडून देते. माझ्या मते तो मुळात अभिलेख-व्यवस्थापनाचा प्रश्न आहे आणि त्याचे वय संगणकापेक्षा कितीतरी अधिक आहे. कोणत्याही कार्यालयाला सगळेच कागद कायम सांभाळता येत नाहीत. काही काढून टाकावेच लागतात. ते काढून टाकताना त्यांच्या जागी काय ठेवायचे, एवढाच खरा प्रश्न आहे. कागदाच्या जमान्यात आपल्या प्रशासनाने याचे उत्तर शोधले होते. संगणकावर येताना ते वाटेत कसे गळून पडले, याचा हा थोडक्यात इतिहास.

निंदणी

मुंबई सरकारचे अभिलेखागार १८२१ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना सुरू झाले. पेशवाई बुडून जेमतेम तीन वर्षे झाली होती. पुढे इनामांच्या चौकशीच्या निमित्ताने जुन्या राजवटीचे लाखो कागद पुण्यात एकत्र आले आणि रुमालांत बांधून ठेवले गेले. हेच आपले पेशवे दफ्तर. ते सांभाळण्यामागे इतिहासाचे प्रेम नव्हते. कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे, हे ठरवायला पुरावा हवा होता. पण रुमाल जागेवर राहिले म्हणून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस रियासतकार सरदेसाईंना त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड संपादित करता आले.

कलकत्त्याला, म्हणजे त्या वेळच्या केंद्र सरकारात, हाच विचार उलट्या टोकाकडून सुरू झाला. सँडमन नावाच्या हिशेब-तपासणी अधिकाऱ्याने १८६० च्या आपल्या अहवालात म्हटले की, कार्यालये कागदांनी तुंबली आहेत. नित्याचे कागद नष्ट करावेत आणि मौल्यवान अभिलेख एका मोठ्या मध्यवर्ती दफ्तरखान्यात हलवावेत. ही सूचना मार्गी लागायला तीस वर्षे गेली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक जॉर्ज फॉरेस्ट यांनी मुंबईच्या दफ्तरखान्यात नाव कमावले होते. १८८९ मध्ये त्यांच्याकडे परराष्ट्र खात्याचे अभिलेख तपासण्याचे काम आले आणि ११ मार्च १८९१ रोजी ‘इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट’ स्थापन झाले. तेच आजचे राष्ट्रीय अभिलेखागार.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सँडमनच्या सूचनेत नष्ट करणे आणि जतन करणे ही दोन कामे एकत्रच आली आहेत. काय टाकायचे हे ठरवल्याशिवाय काय ठेवायचे हे ठरत नाही. महाराष्ट्राच्या कार्यालयीन भाषेत या कामाला ‘अभिलेखांचे निंदणीकरण’ म्हणतात. हा शब्द शेतातून आला आहे आणि तो मला फार समर्पक वाटतो. निंदणी करणारी बाई डोळे मिटून हात चालवत नाही. प्रत्येक रोप पाहून, तण कोणते आणि पीक कोणते हे ओळखून ती तण उपटते.

म्हणूनच निंदणीला नियम होते. प्रकरण बंद करतानाच त्याचा वर्ग ठरवायचा. ‘अ’ वर्ग कायमचा. त्याखालच्या वर्गांची मुदत कमी कमी होत जाणारी. आपल्याकडच्या सहा गठ्ठे पद्धतीत अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा गठ्ठा वेगळा आणि मुदत संपली की नष्ट करायच्या ‘ड’ वर्गाच्या कागदांचा गठ्ठा वेगळा. नष्ट केलेल्या प्रकरणांची यादी करून ती जपून ठेवायची. याचा अर्थ असा की, कागद गेला तरी कागद गेल्याचा कागद उरत असे.

जागेवर नसलेल्या नस्तीसाठीही अशीच सोय होती. अभिलेख कक्षातून नस्ती बाहेर गेली की तिची मागणी-चिठ्ठी फडताळात तिच्या जागी ठेवायची. पुढे शोधायला येणाऱ्याला रिकामी जागा दिसत नाही. कोणी, कधी, कशासाठी नेली हे सांगणारी चिठ्ठी दिसते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात काम केलेल्या संशोधकांना ‘एन.टी.’ ही दोन अक्षरे चांगली परिचित आहेत. सूचीत नोंद पाहून नस्ती मागवावी आणि चिठ्ठी ‘नॉट ट्रान्सफर्ड’ अशा शेऱ्यासह परत यावी, याचा त्यांना राग येतो आणि तो रास्तही आहे. परंतु त्या शेऱ्यात माहिती आहे. अशी नस्ती उघडली गेली होती, ती मंत्रालयाने अभिलेखागाराकडे पाठवलेली नाही, तेव्हा चौकशी कोठे करायची ते यावरून कळते.

याहून चांगले उदाहरण आपल्या सर्वांच्या घरात असते, ते म्हणजे सातबारा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला. जमीन विकली गेली, वाटणी झाली, वारस लागले की फेरफार नोंदवला जातो आणि सातबारावर नवे नाव चढते. पण जुने नाव खोडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफाराचा क्रमांक लिहितात. वाचणाऱ्याला एका दृष्टीत तीन गोष्टी कळतात : हे नाव येथे होते, आता त्याला हक्क नाही आणि तो कसा गेला हे पाहायचे असेल तर अमुक क्रमांकाचा फेरफार काढावा. तलाठ्याच्या दप्तरातली ही साधी युक्ती पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

चारशे चारचा जन्म

आता संगणकाकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ ते १९९१ या काळात वेबची उभारणी केली. त्यापूर्वीही कागदपत्रे एकमेकांना जोडण्याच्या संगणक-प्रणाली होत्या. त्यांपैकी काहींचा आग्रह असे की दुव्याची दोन्ही टोके शाबूत राहिली पाहिजेत. म्हणजे दुवा कोणी दिला आहे हे मूळ दस्तऐवज सांभाळणाऱ्यालाही माहीत हवे. एका संस्थेत हे जमते, जगभर जमत नाही. बर्नर्स-ली यांनी हा आग्रह सोडून दिला. कोणीही कोणाच्याही पानाचा दुवा द्यावा, परवानगी नको, नोंदणी नको. वेब वाढले ते या मोकळीकीमुळे. पण तिची किंमतही होती. ज्याचे पान आहे त्याने ते काढले, तर त्यावर कोण विसंबून आहे हे त्याला कळत नाही आणि विसंबलेल्याला कोणी कळवत नाही.

म्हणून पान न सापडण्याची शक्यता प्रथमपासूनच गृहीत धरलेली होती. १९९२ च्या मसुद्यातच सर्व्हरने द्यायच्या उत्तरांचे क्रमांक ठरले होते आणि त्यात ४०४ आहे. सर्नमध्ये ४०४ क्रमांकाची खोली होती आणि तेथे मूळ सर्व्हर होता, ही आख्यायिका अनेकांनी ऐकली असेल. बर्नर्स-ली यांचे सहकारी रॉबेर कायो यांनी ती साफ खोटी असल्याचे सांगितले आहे. पहिला ४ म्हणजे मागणी पुरी करता आली नाही अशा उत्तरांचा गट. पुढचे अंक त्या गटातला अनुक्रम.

प्रशासकाने पाहायचे ते या उत्तराचा अर्थ. ४०४ म्हणजे ‘या पत्त्यावर मला काही सापडले नाही’. पान कधी होते की नव्हते, पुन्हा येईल की नाही, दुसरीकडे गेले आहे का, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नाही. अभिलेख कक्षातल्या कारकुनाने खिडकीतून ‘नाही’ म्हणावे आणि खिडकी लावून घ्यावी, तसे ते आहे.

याहून नेमकी उत्तरे उपलब्ध नाहीत असे मात्र नाही. ३०१ म्हणजे ‘पान कायमचे हलवले आहे, नवा पत्ता हा’. जानेवारी १९९७ मध्ये वेबच्या नियमावलीची पुढची आवृत्ती आली आणि तिच्यात ४१० हे उत्तर दाखल झाले : ‘पान येथे होते, ते हेतुपुरस्सर काढले आहे आणि परत येणार नाही’. २०१६ मध्ये ४५१ ची भर पडली, ते कायदेशीर कारणाने पान दाखवता येत नसल्याचे सांगते. रे ब्रॅडबरी यांच्या ग्रंथदहनावरील कादंबरीच्या नावातला आकडा त्यासाठी मुद्दाम निवडला आहे. आता कागदाशी ताडून पाहा. ३०१ म्हणजे फडताळातली मागणी-चिठ्ठी. ४१० म्हणजे नष्ट अभिलेखांच्या यादीतली नोंद किंवा सातबारावरचा कंस. ४०४ ला मात्र जुन्या दफ्तरखान्यात तोड नाही, कारण ‘काही सांगता येत नाही’ हे उत्तर तेथे स्वीकारले जात नसे.

१९९८ मध्ये बर्नर्स-ली यांनीच एका टिपणात या दुखण्याचे निदान केले. पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात, आणि त्यासाठी तंत्रज्ञानाची सबब पुढे करतात, असा त्यांचा रोख होता. पानाच्या पत्त्यात अधिकाऱ्याचे नाव, विभागाचे आजचे नाव, वापरलेल्या सॉफ्टवेअरची खूण घातली, की त्यांपैकी एकही बदलले तरी पत्ता मोडतो. विभागांची नावे किती वेळा बदलतात, हे शासनात काम केलेल्यांना सांगायला नको.

वेस्टमिन्स्टरचा धडा

या दुर्लक्षाचा परिणाम काय होतो, हे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये स्पष्टपणे उघडकीस आले. तेथील मंत्री प्रश्नांना लेखी उत्तरे देताना ‘ही माहिती अमुक संकेतस्थळावर आहे’ असे सांगून पत्ता देत आणि तो पत्ता सभागृहाच्या छापील कामकाजात, म्हणजे हॅन्सार्डमध्ये, नोंदला जाई. २००७ मध्ये सभागृहाचे नेते जॅक स्ट्रॉ यांच्यापुढे हा विषय आला. तपासणीत असे दिसले की १९९७ ते २००६ या काळातील उत्तरांत दिलेल्या पत्त्यांपैकी सुमारे ६० टक्के मोडले होते. मंत्र्याने सभागृहाला दिलेले उत्तर दहा वर्षांच्या आत निम्म्याहून अधिक प्रकरणांत निरुत्तर झाले होते.

यावरचा उपाय तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवण्यात आला; संगणक कंपनीकडे नव्हे. अभिलेखागाराने शासकीय संकेतस्थळांच्या प्रती ठरावीक काळाने घ्यायला सुरुवात केली आणि विभागांच्या सर्व्हरवर एक छोटी जोडणी बसवली. कोणी नसलेले पान मागितले की ‘सापडले नाही’ म्हणण्याआधी अभिलेखागारात त्याची प्रत आहे का ते पाहायचे. असल्यास वाचकाला तेथे न्यायचे आणि ‘ही जतन केलेली जुनी प्रत आहे’ असे वर ठळक सांगायचे. ऑक्टोबर २०१२ मध्ये जुनी दोन मोठी संकेतस्थळे बंद करून त्यांच्या जागी एकच शासकीय संकेतस्थळ आले, तेव्हा हेच तत्त्व पुढे नेले गेले. एकही दुवा मागे सोडायचा नाही असे ठरवून जुन्या पत्त्यांचा एकेक करून निकाल लावला : नवे पान असेल तर ३०१, नसेल तर ४१० आणि सोबत अभिलेखागारातल्या प्रतीचा पत्ता. खरे म्हणजे ही निंदणीच होती, प्रत्येक रोप पाहून केलेली.

हे केवळ ब्रिटनचे दुखणे नव्हते. हार्वर्डच्या अभ्यासकांना अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले सुमारे निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नसल्याचे आढळले. प्यू या संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे नियमांची वाण आहे असे कोणी समजू नये. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये ‘सार्वजनिक अभिलेख’ या संज्ञेत संगणकाने निर्माण केलेले साहित्यही येते. कलम ८ सांगते की विहित पद्धतीशिवाय कोणताही सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येणार नाही. त्याच्या उल्लंघनासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ प्रत्येक कार्यालयाला अभिलेखांची सूची व निर्देशिका ठेवायला सांगते. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तयार केलेली शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली आणि तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये. त्यांत संकेतस्थळावर मोडके दुवे आणि ‘पान सापडले नाही’ असे दोष नसावेत हे स्वच्छ म्हटले आहे आणि जुन्या मजकुराच्या जतनाचे धोरण ठेवायलाही सांगितले आहे.

मग अडते कोठे? माझ्या पाहण्यात आलेले एक प्रकरण सांगतो. एका निवृत्त शिक्षकांनी वेतननिश्चितीबाबत अर्ज केला आणि त्यात एका जुन्या परिपत्रकाचा दिनांक व संकेतस्थळावरचा पत्ता लिहिला. दरम्यान त्या कार्यालयाचे संकेतस्थळ नव्याने बांधले गेले होते. कार्यालयाने उत्तर दिले की असे परिपत्रक संकेतस्थळावर नाही, अर्जदाराने साक्षांकित प्रत सादर करावी. परिपत्रक काढले कार्यालयाने, संकेतस्थळावरून घालवले कार्यालयाने आणि प्रत मागितली नागरिकाकडे! प्रकरण माझ्यासमोर आल्यावर शोध घेतला, तेव्हा प्रत मिळाली ती दुसऱ्याच एका कार्यालयातील वरिष्ठ लिपिकाच्या स्थायी आदेश संचिकेत, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात. सहा गठ्ठ्यांनी त्या शिक्षकांना न्याय दिला, संकेतस्थळाने नाही.

‘परिपत्रक रद्द झाले, मग पान ठेवायचे कशाला?’ असे मला अनेकदा विचारले जाते. याचे उत्तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये आहे. त्याच्या कलम ६ नुसार, वेगळा हेतू दिसत नसेल तर, कायदा निरसित झाला तरी त्याखाली आधीच मिळालेले हक्क संपत नाहीत. परिपत्रकांनाही व्यवहारात हाच विचार लागू पडतो. वेतन, निवृत्तिवेतन, भूसंपादन यांत त्या त्या दिवशी लागू असलेला आदेश पाहावा लागतो, आजचा नव्हे. रद्द झालेला आदेश हा कंस केलेले नाव आहे. तो पुसला, तर पुढचा फेरफार वाचताच येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१५ पासून केंद्राच्या राजपत्राची छपाई थांबली आणि ते केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होऊ लागले. पूर्वी संकेतस्थळावरचे पान ही छापील कागदाची छाया होती. आता अनेक बाबतींत पान हेच मूळ आहे. ते हरवले तर कोणाच्या गठ्ठ्यात शोधणार?

एक चांगले उदाहरणही नोंदवले पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक छापलेला असतो. तो पानाचा पत्ता नव्हे, निर्णयाची स्वतःची ओळख आहे. संकेतस्थळ बदलले, विभागाचे नाव बदलले तरी संकेतांक तोच राहतो आणि त्यावरून निर्णय शोधता येतो. ज्याने ही पद्धत बसवली, त्याला अभिलेख म्हणजे काय हे कळले होते. हेच परिपत्रके, अधिसूचना, निविदा आणि ज्येष्ठता याद्या यांनाही लागू व्हायला हवे.

करण्यासारखे काही

यासाठी फार पैसा लागत नाही. पाच गोष्टी कोणत्याही विभागप्रमुखाला स्वतःच्या अधिकारात करता येतील.

१. संकेतस्थळ नव्याने बांधण्याचे काम देताना, जुन्या प्रत्येक पत्त्याचा निकाल लावलेली यादी हा कंत्राटाचाच भाग करावा. यादीशिवाय अंतिम देयक देऊ नये.

२. पान हलवले तर ३०१ आणि जाणूनबुजून काढले तर ४१० द्यावे. ४०४ फक्त चुकीच्या पत्त्यासाठी राखून ठेवावे. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणे ही पळवाट आहे. परिपत्रक मागणाऱ्याच्या हाती मंत्र्यांचे छायाचित्र देण्यासारखे ते आहे. पडद्यावर ‘सापडले नाही’ लिहायचे आणि सर्व्हरने मात्र ‘सर्व ठीक’ असा २०० क्रमांक द्यायचा, हेही तितकेच वाईट, कारण शोधयंत्रे तो पत्ता जिवंत समजत राहतात.

३. ४१० च्या पानावर चार ओळी असाव्यात : काय होते, कोणत्या आदेशाने आणि कधी काढले, त्याच्या जागी आता काय लागू आहे आणि जुनी प्रत कोणाकडे मिळेल.

४. काही मजकूर काढणे हे कर्तव्यच असते. लाभार्थ्यांच्या नावांसह आधार क्रमांक सुमारे २१० शासकीय संकेतस्थळांवर झळकले होते आणि ते काढावे लागले, हे २०१७ मध्ये सरकारने संसदेत सांगितले. अशा वेळी मजकूर जावा, जतन केलेल्या प्रतीतूनही जावा. पण काढल्याची व कारणाची नोंद राहावी.

५. पान काढण्याचा निर्णय अभिलेख अधिकाऱ्याच्या सहीने व्हावा, संगणक चालवणाऱ्या कंत्राटी मुलाच्या भरवशावर नव्हे. कागद फाडायला सही लागते, मग पान पुसायला का नको?

१९९३ च्या कायद्यात एक सुंदर तरतूद आहे. १८९२ पूर्वीचा कोणताही अभिलेख नष्ट करता येत नाही. अपवाद एकच, तो इतका जीर्ण किंवा विद्रूप झाला असावा की अभिलेख म्हणून त्याचा काही उपयोग उरलेला नाही, असे अभिलेखागाराच्या प्रमुखाचे मत झाले पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदांविषयी आपण इतके जपून वागतो. आपल्या संकेतस्थळांचे पहिले दशक, जेव्हा नागरिकाला प्रथमच घरबसल्या शासनाचा आदेश वाचता आला, ते मात्र आपण बरेचसे पुसून बसलो आहोत आणि काय पुसले याची यादीही आपल्याजवळ नाही. जे गेले ते गेले. यापुढे जे जाईल त्याला निदान कंस तरी करावा.